प्रीलोडची रिंग पिळली की स्प्रिंग कडक होते? नाही हो!

जुनी एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालवायची चार चाकांची बाईक) ट्रेलवर आपटायला लागली की हमखास सल्ला मिळतो, "शॉकची रिंग पिळ, स्प्रिंग कडक होईल". ही रिंग शॉकवरची (शॉक अ‍ॅब्झॉर्बरवरची) स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवते, त्यालाच प्रीलोड म्हणतात. मीही वर्षभर पिळतच होतो 😅

स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढे नि व्यास यावर ठरतो, रिंगवर नाही. समजा स्प्रिंग १ मिमी दाबायला २ किलो लागतात, तुम्ही रिंग १० मिमी पिळली, म्हणजे २० किलो आधीच भरले, पण पुढच्या प्रत्येक मिमीला परत २ किलोच! गाडी फक्त उंच बसते. आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, मग खड्डा आला की चाक लटकतं आणि गाडी फेकल्यासारखी होते.

अमेरिकेत १९८७ ते २००६ विकलेली यामाहा बॅन्शी घ्या, इतक्या जुन्या गाडीत बहुतेक वेळा स्प्रिंगआधी शॉकमधलं तेल मेलेलं असतं. मागून जोरात दाबून सोडा, दोनतीनदा झुलली तर डॅम्पिंग (झुलणं थांबवायची शॉकची ताकद) गेलं. दांड्यावर तेलकट चिखलाची वळी दिसली तर सील गेलं, सर्व्हिस होणारा शॉक असेल तर खोलून तेल, सील, गॅस नवीन करा. ए-आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, हलवून बघा, ते तर कोणी बघतच नाही!

मग रिंग कशाला? तुम्ही बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश गाडी दबली पाहिजे, तेवढं जमवायला. रिंग पिळूनही फारच दबत असेल तर सरळ जाड स्प्रिंग घ्या.