प्रकोष्ठास्थिभंग, मुलांमधील : शस्त्रक्रिया

कोपर ते मनगट या भागातील रेडियस (अंगठ्याच्या बाजूचे हाड) व अल्ना (करंगळीच्या बाजूचे) मोडल्यावर ती धातूच्या आधाराने स्थिर करण्याची शस्त्रक्रिया. मुलांतील बहुतेक भंग हाड बसवून प्लॅस्टर घातल्याने जुळतात. वाढीच्या वयात थोडा बाक आपोआप सरळ होतो, पीळ मात्र सहसा सुटत नाही. त्यामुळे नऊ-दहा वर्षांपुढील मूल, प्लॅस्टरमध्ये पुन्हा सरकलेली हाडे आणि उघडा भंग (त्वचा फाटून जखम झालेला) यांत शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आज रूढ आहे ती लवचीक खिळ्याची पद्धत (बोलीत ‘टेन्स’, ‘टायटॅनियम इलॅस्टिक नेलिंग सिस्टिम’चे लघुरूप). तिच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेतील रश बंधूंनी १९३६ च्या सुमारास अल्नाच्या पोकळीत सळई घातली, तेथून काही लेखक ही परंपरा मोजतात. काही जण रुमानियातील फिरिका व सहकाऱ्यांना श्रेय देतात. भारतात १९६० च्या दशकात तळवलकर यांच्या नावाचा चौकोनी खिळा प्रचारात आला, पण तो मुख्यतः प्रौढांसाठी. मुलांपुरते पाहता फ्रान्समधील नान्सी येथील मेतेझो, प्रेव्हो आदींचे १९८० च्या सुमाराचे काम निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कारण सळई केवळ आत घालणे वेगळे आणि तिच्या बाकातून ताण निर्माण करणे वेगळे. प्रकोष्ठात प्रत्येक हाडात एकच खिळा असतो. दोन्ही खिळ्यांचे बाक परस्परविरुद्ध राहून हाडांमधील पडदा ताणलेला राहतो, व मनगट फिरवण्यास लागणारा रेडियसचा नैसर्गिक बाक टिकतो.

खिळे साधारण १.५ ते २.५ मिमी जाडीचे, टायटॅनियमचे किंवा पोलादी असतात. सी-आर्मखाली (शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्र दाखवणारे यंत्र) रेडियसमध्ये मनगटाकडून, वाढ-पट्टिका (हाड जेथून लांबीने वाढते तो कूर्चेचा थर) टाळून, आणि अल्नामध्ये कोपराकडून ते सारतात. रेडियसमध्ये बाजूने शिरताना त्वचेलगतच्या मज्जातंतूस इजा संभवते. मागून शिरल्यास खिळ्याच्या टोकावर घासून अंगठा ताठ करणारा स्नायुबंध तुटल्याची उदाहरणे आहेत. खिळा भंगापलीकडे जात नसल्यास वारंवार खटपट करण्यापेक्षा छोटा छेद घेणे बरे, कारण खटपटीने स्नायूंतील दाब वाढण्याचा धोका असतो. वाढ पूर्ण होत आलेल्या मुलांत धातूची पट्टी (प्लेट) व स्क्रूही वापरतात.

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय (इमारत १८६७) व डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेले रुग्णालय ही अस्थिशल्यचिकित्सेची परिचित केंद्रे. हाडवैद्याकडे जाण्याची जुनी रीतही आढळते. तेथे करकचून बांधलेल्या कापडी पट्टीने रक्तपुरवठा अडल्यास हात कायमचा आखडू शकतो. खिळे बहुधा सहा महिन्यांनंतर किंवा त्याहून उशिरा काढतात.