ऑटिझम: बोलतं करण्याआधी थांबायला शिकणं

मूल खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसलंय. आई शेजारून विचारते, "रंग कोणता? हॉर्न कसा वाजतो? म्हण ना, गाडी!" मूल बोलत नसलं की असा प्रश्नांचा मारा वाढतोच. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना एका गोष्टीवरचं लक्ष सोडवून दुसरीकडे नेणं जड जातं. आईचा शब्द एकीकडे आणि मुलाचं लक्ष दुसरीकडे राहिलं, तर शब्दाची वस्तूशी गाठच पडत नाही.

म्हणून पालकांना उलटं शिकवतात. मूल बघतंय त्याबद्दलच बोलायचं, तेही त्याला पेलेल इतकंच: "चाक. गोल गोल." मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही! तेवढ्यात मुलाने नुसतं वळून पाहिलं, हुंकार दिला किंवा आईचा हात चाकाकडे ओढला, तरी ती त्याची बोलण्याची पाळी समजायची आणि तिला उत्तर द्यायचं.

ब्रिटनमधल्या 'पॅक्ट' चाचणीत हेच तपासलं गेलं. 2 ते 4 वर्षांची 152 मुलं त्यात होती. थेरपिस्टने मुलाला शिकवायचं नव्हतं. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ पालकांसोबत बघायचा आणि जमलेले क्षण दाखवायचे. घरी रोज अर्धा तास सराव. 2010 साली आलेले निकाल संमिश्र होते. पालकांचा प्रतिसाद खूप सुधारला, मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. पण भाषेच्या थेट चाचण्यांत ठळक फरक नव्हता. सुमारे 6 वर्षांनी मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीव्र लक्षणं असलेल्यांचं प्रमाण पालकांना असं शिकवलेल्या गटात 46 टक्के होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या, फक्त नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात 63 टक्के. ऑटिझम गेला नव्हता, आणि जाईल असा दावाही कुणी केला नव्हता.

पालकांना शिकवायचं म्हणजे आधी त्यांचं चुकत होतं, असा अर्थ कुणी काढू नये. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, हा गेल्या शतकातला सिद्धांत केव्हाच खोटा ठरलाय.

गोवा आणि रावळपिंडीत याच पद्धतीत बदल करून ती तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती दिली गेली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 65 मुलं होती. पालकांचा प्रतिसाद आणि मुलांचा पुढाकार, दोन्ही इथेही वाढले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला.