लँड रोव्हरची शाकारणी

पाऊस थांबून बराच वेळ झाला होता, तरी माझ्या गुडघ्यावर थेंब पडतच होते. गाडी उभी, दारे घट्ट लावलेली. यॉर्कशरमध्ये आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. माझ्या मुली त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून मीही. त्यांची ही 1967 सालची लँड रोव्हर, सीरीज टू-ए. तिचे ॲल्युमिनियमचे टप कित्येक वर्षांत खाली उतरलेच नव्हते. गळती दिसली की आजोबा फटीवर सिलिकॉनचा आणखी एक थर चढवायचे. त्या दिवशी मी काचेच्या वरचा तो जाड थर नखाने सोलला आणि मागे साठलेले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती.

मला घरची शाकारणी आठवली. माझे बालपण राजापूर तालुक्यातल्या कौलारू घरात गेले. वैशाखात सगळी कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचायची. कौले एकमेकांना कधीच चिकटवलेली नसतात. आषाढातला पाऊस तरीही घरात येत नाही, कारण उतार असतो, वरचे कौल खालच्यावर चढलेले असते आणि वळचणीला पागोळ्या सुटायला मोकळी जागा असते. गाडीचे टपही याच नजरेने पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

ही गाडी जन्मली तीच टंचाईत. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतात युद्धातून उरलेली विलीज जीप वापरत. तशीच, पण शेतकऱ्याला उपयोगी गाडी त्यांनी आखली आणि एप्रिल 1948 मध्ये ती ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. (त्याच विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत महिंद्रांनी सुरू केली. म्हणजे आपल्याकडची जीप आणि ही लँड रोव्हर चुलत बहिणीच.) इंग्लंडात तेव्हा पोलाद मोजून मिळे, म्हणून अंगाचा पत्रा ‘बर्माब्राइट’ या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा झाला. सांगाडा आणि कडांच्या पट्ट्या मात्र पोलादाच्या राहिल्या, पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा. टप बोल्टांनी बसते आणि काढताही येते. दोन धातू, त्यांच्यामध्ये रबर आणि वरून पाऊस: सगळी गोष्ट या जोडांमध्ये आहे.

फट जितकी बारीक तितकी सुरक्षित, असे आपल्याला वाटते. पाण्याचे गणित उलटे आहे. दोन स्वच्छ पत्र्यांमध्ये 1 मिलिमीटर फट असेल तर केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत आपोआप वर ओढले जाऊन, पाणी साधारण दीड सेंटिमीटर वर चढते. तीच फट 0.1 मिलिमीटर केली, तर ते 15 सेंटिमीटरपर्यंत चढू शकते. करकचून आवळलेला, पण रबर वाळून गेलेला जोड पाणी अक्षरशः शोषून घेतो. म्हणूनच छज्जाच्या खालच्या कडेला गवंडी एक खाच ठेवतो. तिथे पाण्याचा पापुद्रा तुटतो आणि थेंब खाली पडतो. टपाच्या कडेची पन्हळ हेच काम करते, तेव्हा ती सीलंटने (सिलिकॉनसारख्या फट भरणाऱ्या लगद्याने) बुजवणे म्हणजे घराच्या पागोळ्या बंद करणे.

त्यात वाऱ्याची भर. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या काचेवर हवेचा जो दाब पडतो, तो सुमारे 30 मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. उभ्या गाडीत जे पाणी कडेला थबकते, ते धावत्या गाडीत या जोरावर उंबरठा ओलांडते.

बोल्ट सैल करायला दोन दिवस गेले. टप चौघांनी मिळून उचलले आणि गवतावर ठेवले. खालच्या पट्टीवर पिठासारखी पांढरी भुकटी होती, पत्रा फुगून त्याला पापडासारखे फोड आले होते. हा ॲल्युमिनियमचा गंज. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये खारट ओलावा आला की नकळत एक बॅटरी तयार होते. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खारटपणाला तोटा नाही. या बॅटरीत अधिक क्रियाशील धातू झिजतो. आधी जस्ताचा नंबर लागतो, त्यामुळे मुलामा शाबूत असेतोवर ॲल्युमिनियम निर्धास्त असते. जस्त संपले की पोलादासमोर उभे राहते ॲल्युमिनियम, आणि मग तेच खाल्ले जाते. तयार होणारी भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, त्यामुळे जोड आतून उचकटतो. पाणी आणखी आत जाते.

भुकटी खरवडली, पत्रा उघडा करून धुतला, वाळवला. प्रायमर ॲल्युमिनियमला धरणारा हवा, साधा लोखंडाचा चालत नाही. बोल्टांखाली नायलॉनचे वॉशर घातले, म्हणजे दोन धातूंची गाठच पडू नये. आजोबांना चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट हवे होते. मी आग्रहाने थांबवले. नायलॉनशिवाय ते ॲल्युमिनियमच्या भोकांभोवती पुन्हा तोच खेळ सुरू करतात.

रबराची दशा निराळी होती. जुनी पट्टी वाकवली की आडव्या भेगा उघडत. हे उन्हाने झाले असे सगळे म्हणतात, पण या भेगांमागे मुख्यतः हवेतला ओझोन असतो. जुन्या प्रकारच्या रबराच्या लांब साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथेच साखळी तोडतो. रबर ताणलेले असेल तर भेग ताणाला काटकोनात उघडते. 1960च्या दशकात आलेल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. नवी पट्टी त्याचीच घेतली. ती जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा दबेल एवढीच आवळायची. त्याहून जास्त दाबलेले रबर हळूहळू चपटेच राहते, परत उसळत नाही.

जे जोड कायमचे बंद ठेवायचे, तिथे सीलंट. आजोबांच्या नळीला व्हिनेगरसारखा वास यायचा, कारण तसे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. ते जस्ताला खाते. शिवाय त्या जागी पुढे रंग धरत नाही. रिव्हेटच्या रांगेवर पॉलियुरेथेनचे सीलंट वापरले. जिथे पुढेमागे उघडावे लागेल तिथे ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी, ती कधी कडक होत नाही.

सीलंटचा थर मात्र मुद्दाम जाड ठेवावा लागतो. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हात तापलेला पत्रा यांत 40 अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्यात एक मीटर लांब ॲल्युमिनियम सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते आणि पोलाद जेमतेम 0.5. हा फरक रोज सीलंटच्या अंगावर येतो. अर्धा मिलिमीटर थर फाटून जातो, अडीच मिलिमीटरचा निमूट ताणला जातो. खडबडीत रस्त्यावर गाडीचा सांगाडा पिळवटतो ते वेगळेच.

टप परत चढवल्यावर परीक्षा. पाइपचे पाणी आधी खालच्या जोडावर, पाच मिनिटे थांबून त्याच्या वरच्या जोडावर. वरून सुरुवात केली तर पाणी नेमके कुठून आले ते कळतच नाही. मी आत टॉर्च घेऊन बसले. दाराच्या कोपऱ्यात एक बारीक धार दिसली. तिथे पट्टी दोन सेंटिमीटर आखूड कापली गेली होती, ती बदलली. मग पन्हळीतून पाणी मागच्या कोपऱ्यांवर जाऊन खळाळत खाली पडू लागले आणि आजोबा बराच वेळ तेच पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार वाजवले. सीट ओली होती. रात्री पाऊस नव्हता. मी छताला आतून हात लावला, तळवा ओला झाला. आदल्या दिवशीच्या ओल्या गाद्यांची वाफ बंद गाडीत कोंडली होती आणि उघड्या आकाशाखाली गार पडलेल्या पातळ पत्र्याला लागून तिचे दव झाले होते. काचेखाली दोन छोट्या हवेच्या झडपा असतात. आजोबांनी त्या उघडल्या, गाद्या काढून कुंपणावर वाळत घातल्या.