ड्रमसाठी क्लिप माईक निवडताना: आधी रिम बघा, मग माईक

ड्रमसाठी क्लिप माईक (ड्रमच्या कडेला चिमट्याने अडकवायचा माईक) घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "कोणत्या कंपनीचा चांगला?" आमची विनंती अशी की सुरुवात तुमच्या ड्रमच्या रिमपासून (तोंडावरचा पडदा, म्हणजे स्किन, ताणून धरणाऱ्या कड्यापासून) करा. चांगल्या कंपनीचा माईक तुमच्या रिमवर घट्ट बसला नाही, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत तो फिरून सिंबलकडे (धातूच्या थाळीकडे) तोंड करतो, आणि मग मिक्सरवर कितीही बटणं फिरवली तरी टॉमचा (मोठ्या ड्रमच्या वर किंवा बाजूला बसवलेल्या ड्रमचा) आवाज सापडत नाही. ऑर्केस्ट्रा, कॉलेजचे बँड, चर्चचे वादक आणि साउंडचं काम घेणारे छोटे व्यावसायिक यांच्यासाठी हे पत्रक लिहिलं आहे.

क्लिप माईक कशासाठी

स्टँडपेक्षा क्लिपला जागा कमी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. नाट्यगृहात पडद्यामागे किंवा मंडपातल्या अरुंद स्टेजवर टॉमसाठी तीन बूम स्टँड उभे केले की ड्रमरला बसायची वाट उरत नाही आणि येताजाता कुणाचा तरी पाय स्टँडला लागतो. पण आमच्या दृष्टीने क्लिपचा मोठा फायदा दुसराच आहे. ड्रम हलला की माईकही त्याच्याबरोबर हलतो, त्यामुळे स्किन आणि माईक यांच्यातलं अंतर कार्यक्रम संपेपर्यंत तेवढंच राहतं.

हे अंतर महत्त्वाचं का, तर माईक स्किनपासून ४ सेंटीमीटरवर असताना तो आणखी ४ सेंटीमीटर लांब सरकला, तर साधारण हिशेबाने ड्रमचा आवाज ६ डेसिबलच्या आसपास उतरतो. सिंबल आणि शेजारच्या गिटार अँपचा आवाज मात्र तेवढाच येत राहतो. तुम्ही तो चॅनल वर करता, त्याबरोबर सिंबलही वर येते आणि मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) शिट्टी सुरू होते. शिवाय माईक जवळ असला की खालच्या स्वरांना आपोआप भर येते आणि टॉम भरदार वाटतो. लांब गेला की तो भरदारपणा आधी जातो.

रिम आणि क्लिप

बहुतेक ड्रमसेटवर वाकवलेल्या पत्र्याची पातळ रिम असते. तिच्यावर जवळपास सगळ्या क्लिप बसतात. महागड्या स्नेअरवर (खाली तारा लावलेल्या चपट्या ड्रमवर) ओतीव धातूची जाड रिम असते, तिथे लहान जबड्याच्या क्लिप अडतात किंवा अर्धवट पकड घेतात. लाकडी रिम असेल तर खटक्याने बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपवर विसंबू नका. त्यासाठी स्क्रूने आवळायचा रुंद जबड्याचा क्लॅम्प घ्या.

क्लिप हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. जबड्याच्या आत रबर आहे का? नसेल तर काठीचा रिमवरचा प्रत्येक ठोका "ठक्" असा थेट माईकमध्ये शिरतो. माईकचा कोन बदलून घट्ट करता येतो का? आणि क्लिप तुटली तर सुटी मिळते का? पडल्यावर बहुतेक वेळा आधी क्लिप मोडते, माईक शाबूत राहतो. सेनहायझरच्या ई६०४ ची क्लिप वेगळी विकत मिळते, आणि हा माईक आम्ही सुचवतो त्यामागे हेही एक कारण आहे. त्याच कंपनीच्या ई९०४ ची क्लिप काढून तो स्टँडवरही लावता येतो, त्यामुळे एकच माईक दोन कामांना चालतो.

तुमच्याकडे आधीच शुअरचा एसएम५७ असेल तर तो बाजूला टाकू नका. १९६५ पासून बाजारात असलेला हा माईक स्नेअरवर आजही जगभर दिसतो. त्यासाठी ए५६डी नावाचा रिमवर लावायचा क्लॅम्प मिळतो. ऑडिक्सच्या डी मालिकेतल्या माईकनाही लवचिक मानेचा असाच क्लॅम्प आहे. फक्त लांब अंगाच्या माईकचं वजन क्लॅम्पच्या बाहेर लोंबतं, म्हणून लहान रॅक टॉमवर तो काठीच्या वाटेत येणार नाही ना हे बसवून बघा.

डायनॅमिक की कंडेन्सर

डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. तो दणकट असतो, त्याला वीज लागत नाही आणि जोरदार ठोका सहज पचवतो. ई६०४ चं वजन ६० ग्रॅम आहे आणि कंपनी त्याची सहनशक्ती १६० डेसिबलच्या वर सांगते. स्नेअरच्या रिमजवळ आवाजाचे क्षणिक झटके १३० डेसिबल ओलांडतात, तेव्हा ही सहनशक्ती खरोखर उपयोगी पडते.

कंडेन्सर क्लिप माईक आकाराने लहान असतो. शुअर बीटा ९८एएमपी किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएम३५० बघितलात तर लवचिक मानेच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा माईक दिसेल. काठीची टीच, ब्रशची सरसर, स्नेअरच्या तारांची कुरकुर तो डायनॅमिकपेक्षा स्वच्छ पकडतो. पण तो सिंबलही तितक्याच स्वच्छपणे पकडतो. त्यामुळे जोरात वाजवणारा ड्रमर आणि लहान स्टेज असेल तर टॉमवर आम्ही डायनॅमिकच सुचवतो. जॅझ वाजवणारा, हलक्या हाताचा वादक असेल तर कंडेन्सरचे पैसे वसूल होतात.

कंडेन्सर घ्यायच्या आधी मिक्सर बघा. त्याला ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज) लागते, काही माईक कमी व्होल्टवरही चालतात. बऱ्याच मंडळांच्या जुन्या पॉवर्ड मिक्सरमध्ये फॅन्टम नसतेच, किंवा एकाच बटणाने सगळ्या चॅनलला जाते. बॅलन्स्ड केबलने जोडलेल्या डायनॅमिक माईकना तिने काही होत नाही, पण बटण दाबताना मुख्य फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली हवा, नाहीतर स्पीकरमधून मोठा धडाका निघतो. आणखी एक, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात दमटपणाने कंडेन्सर चरचरू लागतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवले तर बराच फरक पडतो.

लावायचा कसा

टॉमवर माईकचं तोंड रिमपासून तीन-चार बोटं आत आणि स्किनपासून दोन-तीन बोटं वर ठेवा, रोख स्किनच्या मध्याकडे. अगदी रिमजवळच्या भागाकडे रोखला तर घंटेसारखा पोकळ आवाज येतो.

स्नेअरला मुख्य अडचण हाय-हॅटची (पायाने उघडमीट होणाऱ्या दोन थाळ्यांची). कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माईकला बरोबर पाठीमागचं सर्वात कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ हाय-हॅटकडे करा. सुपरकार्डिऑइडचा (समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्या माईकचा) बहिरा कोन मात्र ठीक मागे नसतो, तो समोरच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर दोन्ही बाजूंना असतो. हे लक्षात न घेता त्याची सरळ पाठ हाय-हॅटकडे केली की लोक माईकला दोष देतात. ड्रमरचा मॉनिटर ठेवतानाही हाच हिशेब करा.

स्नेअरच्या खालून दुसरा माईक लावलात तर त्या चॅनलचं पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून ऐका. काठी पडली की वरची स्किन वरच्या माईकपासून दूर जाते आणि खालची स्किन खालच्या माईककडे येते. ते बटण दाबलं नाही तर दोन्ही सिग्नल एकमेकांना खातात आणि स्नेअर पातळ वाटते.

किक ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) क्लिप माईक सहसा लावू नका. आकाराने मोठ्या, खालच्या स्वरांसाठी बनवलेल्या एकेजी डी११२ किंवा शुअर बीटा ५२ए सारख्या माईकला तिथे ठेंगणा स्टँड द्या.

ढोलकीसाठी विचारणाऱ्यांना

लावणीच्या ऑर्केस्ट्रातले वादक क्लिप माईक मागतात, कारण ढोलकीवाला उभा राहतो, फिरतो. नटबोल्टच्या ढोलकीला धातूची कडी असतात, तिथे लवचिक मानेचा लहान कंडेन्सर छान बसतो आणि वायरलेस पॅकवरही चालतो. शाईच्या बाजूला एक आणि धूमच्या (खर्जाच्या) बाजूला एक असे दोन माईक घ्या, कारण दोन्ही बाजूंचा आवाज इतका वेगळा असतो की एका चॅनलवर दोघांना न्याय देता येत नाही. दोरीच्या ढोलकीवर क्लिप दोरीला अडकवू नका. दोरी हलली की सूर उतरतो. तिथे पट्ट्याने अंगावर बसणारा होल्डर किंवा स्टँडच बरा. तबल्यालाही स्टँडच.

किती आणि कोणते

बजेट कमी असेल तर सात माईकच्या स्वस्त पेटीपेक्षा किकचा एक, स्नेअरचा एक आणि वरून एक ओव्हरहेड असे तीन चांगले माईक घ्या. दोनशे-अडीचशे खुर्च्यांच्या सभागृहात एवढ्यावर उत्तम काम होतं. टॉमच्या क्लिप पुढच्या हंगामात घ्या. पेटीतल्या सेटमध्ये बऱ्याचदा किकचा माईक बरा असतो आणि टॉमच्या क्लिप ठिसूळ निघतात.

एसएम५७ आणि इतर नावाजलेल्या माईकच्या नकला बाजारात सर्रास आहेत. किंमत फारच कमी वाटली तर अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि वॉरंटी मागा. ती देता येत नसेल तर घेऊ नका, आमच्याकडूनही नाही.

केबलवर थोडे पैसे जास्त खर्च करा. जड एक्सएलआर पिन (माईकच्या केबलच्या टोकाची जोडणी) क्लिपच्या मागे लोंबत राहिली की माईक हळूहळू मान टाकतो. टॉमच्या पायाला किंवा स्टँडला केबलचा एक सैल वेढा मारून वेल्क्रोने बांधा, म्हणजे ओढ क्लिपवर येत नाही.

दुकानात येताना शक्य असेल तर स्नेअर आणि एक टॉम सोबत आणा, निदान रिमचा जवळून काढलेला फोटो आणि मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो तरी. क्लिप तुमच्याच रिमवर लावून, तुमच्याच काठ्यांनी वाजवून ऐका. घरी नेऊन एका तालमीपुरता वापरून बघायचा असेल तर तेही काउंटरवर सांगा.