बूट होताना गोठलेला सर्व्हर आणि वाट बघत बसलेला सर्व्हर

जळगाव-धुळ्याकडे लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरीही संपली, की जिनिंगच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर परत चालू होताना कधी मध्येच थांबतो. 'हँग झाला' म्हणत कुणीतरी पॉवर बटण दाबून धरतं. तो खरंच गोठलाय की कशाची तरी वाट बघतोय, हे आधी तपासा.

कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, म्हणजे कर्नेल, लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. कीबोर्ड मात्र मशीन चालू करण्याआधीच जोडलेला हवा.

वाट बघणारा सर्व्हर बहुतेक वेळा स्वतःच सांगतो. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ, लाल चांदण्या इकडून तिकडे, शेजारी पळणारे सेकंद. त्या ओळीत ज्याचं नाव, त्याचीच वाट. समजा, वजनकाट्याच्या बिलांचा बॅकअप घेणारी यूएसबी डिस्क कुणी काढून नेली, पण एफएसटॅब फाइलीत, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, तिची नोंद तशीच आहे. बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्रॅम तिच्यासाठी 90 सेकंद थांबतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या स्क्रीनवर, जातो. तिथे रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड द्या, रूट विभाग (सिस्टिम असलेला डिस्कचा मुख्य भाग) लिहिण्याजोगा करून घ्या, एफएसटॅब उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका आणि रीबूट करा. डिस्क कायमची ये-जा करणारी असेल तर त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' लिहा. मग ती नसली तरी सर्व्हर उभा राहतो. आमच्या मते काढता येणाऱ्या प्रत्येक डिस्कला हे हवंच.

वेळेपुढे 'नो लिमिट' दिसत असेल आणि नाव 'फाइल सिस्टिम चेक'चं, म्हणजे डिस्कच्या तपासणीचं असेल, तर हात लावू नका. ईएक्सटी4 या फाइल सिस्टिमचा जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, काही सेकंदांत मार्गी लागतो, पण मोठ्या डिस्कची पूर्ण तपासणी तासभरही चालते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना? मग चालू द्या. दुरुस्ती अर्ध्यावर असताना वीज तोडली तर फाइल सिस्टिम आधीपेक्षा जास्त बिघडू शकते.

गोठलेला सर्व्हर काहीच सांगत नाही. नमलॉक मेलेलं, स्क्रीन तशीच. दुसऱ्या मशीनवरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून पाहा. उत्तर आलं तर बहुधा डिस्प्लेच गेलाय, एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत जा. नाहीच आलं तर रीस्टार्ट करून ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीतला संदेश लपवणारा 'क्वायट' शब्द काढा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. आता शेवटची ओळ दिसेल. ग्राफिक्सपाशी अडकत असेल तर त्याच ओळीत 'नोमोडसेट' घाला. नवीन कर्नेल टाकल्यावरच हे सुरू झालं असेल तर मेनूतून जुना कर्नेल निवडा. मे महिन्याच्या उन्हात पंखाही पाहा, कापसाचे तंतू पात्यांना चिकटून बसतात.

या रीस्टार्टसाठीही थेट वीज तोडू नका. आल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचंच बटण) दाबून ठेवा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा. ही सोय चालू असेल आणि कर्नेलमध्ये थोडी धुगधुगी असेल तर डेटा आधी डिस्कवर उतरतो, मग मशीन रीबूट होतं.