छोटे देश, मोठ्या स्पर्धा आणि सॉफ्ट पॉवर

लष्कर लहान, लोकसंख्या कमी, नकाशावर बोटाच्या टोकाएवढी जागा, अशा देशानं वर्ल्ड कप, ऑलिम्पिक किंवा फॉर्म्युला वनची रेस आपल्याकडं भरवायची आणि त्यातून जगात ओळख आणि वजन कमवायचं, असा हा प्रकार. धाक किंवा पैसा न दाखवता दुसऱ्याला आपल्याकडं ओढण्याच्या ताकदीला सॉफ्ट पॉवर म्हणतात, ही कल्पना अमेरिकन अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये मांडली, पण देश हे त्याच्या आधीपासून करत आलेत.

उरुग्वेचंच बघा. १९३० चा पहिला फुटबॉल वर्ल्ड कप या चिमुकल्या देशानं भरवला, राज्यघटनेला १०० वर्षं होत होती म्हणून स्टेडियमचं नावच सेंतेनारियो, म्हणजे शताब्दी, ठेवलं, पाहुण्या टीमांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च उचलायची तयारी दाखवली. तरी युरोपातून चारच टीम आल्या. फायनलला अर्जेंटिनाला ४-२ हरवून कप घरातच राहिला.

आपल्या कोल्हापूर भागाला मात्र याचं सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण फिनलंडची राजधानी हेलसिंकी आहे. फिनलंड तेव्हा जेमतेम ४० लाख लोकांचा देश, शेजारच्या सोव्हिएत युनियनशी दोन युद्धं लढून थकलेला, युद्धाची भरपाई फेडत असलेला, आणि १९४० चं ऑलिम्पिक मिळूनही युद्धामुळं हुकलेलं. ते त्यांनी १९५२ ला भरवलं, सोव्हिएत युनियन पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आलं ते इथंच. त्याच वर्षी भरपाईही फेडून झाली. आणि त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, ज्यांना पाठवायला राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. कोल्हापुरातल्या तालमीत वाढलेल्या माणसाला फिनलंडबद्दल दुसरं काही माहीत नसेल, पण हेलसिंकी माहीत असतं. यजमान देशाला मिळतं ते हेच, आणि माझ्या मते ते खर्चाच्या हिशोबात कधीच नीट मोजलं जात नाही.

सगळ्यात मोठा प्रयोग कतारचा. आकारानं कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण दीडपट, स्वतःचे नागरिक ३ लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. पण त्यांनी घाईत काही केलं नाही, आधी अल जझीरा हे न्यूज चॅनल, मग २००४ ला खेळाडू घडवणारी अस्पायर अकादमी, २००६ ला दोहाचे आशियाई खेळ, २०१० ला अमेरिकेला मागं टाकून २०२२ चा वर्ल्ड कप मिळवला आणि २०११ ला पॅरिसचा पीएसजी हा फुटबॉल क्लबही विकत घेतला. २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तनं नाकाबंदी केली, ती जानेवारी २०२१ पर्यंत चालली; पुढं वर्ल्ड कपला सौदीनं अर्जेंटिनाला हरवलं तेव्हा कतारचे अमीर शेख तमीम गळ्यात सौदीचा झेंडा घालून बसले होते. एखाद्या शिखर परिषदेच्या फोटोपेक्षा हे जास्त लोकांपर्यंत पोचलं. त्या महिन्यात कोल्हापूरच्या पेठांत मेस्सी, नेमारचे कटआऊट आणि डिजिटल बोर्ड लागले होते, फुटबॉलचा नाद इथं तसाही जुनाच, आणि फायनलनंतर अमिरांनी मेस्सीच्या अंगावर चढवलेला काळा बिश्त, म्हणजे मानाचा अरबी झगा, इथल्या पोरांनीही बघितला.

पण सगळं जग बघायला आलं की झाकलेलंही दिसतं. स्टेडियम, मेट्रो, रस्ते बांधणारे बहुतेक कामगार भारत, नेपाळ, बांगलादेशसारख्या देशांतले, कफाला पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना नोकरी बदलता येत नव्हती. उन्हानं आणि कामानं किती जीव गेले यावर अजून वाद आहे, पण गेले हे नक्की, आणि कुणी कितीही देखणी स्पर्धा भरवली तरी ही किंमत तिच्यासोबतच लिहिली पाहिजे. २०२० मध्ये नोकरी बदलायची अट काढली आणि किमान वेतन १,००० रियाल ठरलं, ते जगाचं लक्ष होतं म्हणूनच. पॉल ब्रॅनागन आणि रिचर्ड ज्युलियानोटी या अभ्यासकांनी या उलट्या परिणामाला सॉफ्ट डिसएम्पॉवरमेंट म्हटलंय, म्हणजे नाव कमवायला जावं आणि बदनामी पदरात पडावी. बहरीनलाही ते भोगावं लागलं, २००४ ला आखातातली पहिली फॉर्म्युला वन रेस त्यांनीच घेतली आणि २०११ ला देशातल्या आंदोलनामुळं ती रद्द झाली.

सिंगापूरनं २००८ पासून रात्रीची रेस धरली, शहराचे दिवे हीच जाहिरात. मोनॅको तर १९२९ पासून रेसवरच ओळखलं जातं.

सार्वभौम देश नसलेल्या राज्यांनीही हे केलंय. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं, जिथं पंजाबपासूनचे मल्ल येऊन लढले. इंग्रजांच्या वर्चस्वाखालचं एक संस्थान, ना परराष्ट्र धोरण ना फौजेची मोकळीक, पण कुस्ती म्हटलं की कोल्हापूर हे तेव्हा ठरलं ते आजपर्यंत.

२०२६ चा फुटबॉल वर्ल्ड कप ४८ टीमांचा, तोही अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून, त्यामुळं एकट्या छोट्या देशाला तो पेलणं अवघडच. म्हणून वयोगटाच्या स्पर्धांकडं वळणं सुरू झालंय, २०२५ ते २०२९ चे पाचही अंडर-१७ वर्ल्ड कप कतारकडंच गेलेत. हीच स्पर्धा २०१७ ला भारतात झाली तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला होता.