मिस्टिक सीपोर्ट संग्रहालय

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात मिस्टिक नदीच्या काठी असलेले, जहाजे आणि जहाजांवर पोट भरणाऱ्या कारागिरांचे खुले संग्रहालय. स्थापना १९२९. एकोणिसाव्या शतकात इथे ग्रीनमन बंधूंचा जहाजबांधणीचा कारखाना होता. आत दिसणारे 'गाव' मात्र मूळचे नाही. लोहारशाळा, छापखाना, औषधांचे दुकान अशा बऱ्याच इमारती न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या) इतर गावांतून उचलून इथे मांडल्या आहेत. कर्मचारी बहुतेक वेळा जुन्या काळातल्या माणसाचे सोंग घेत नाहीत. काम करता करता आजच्या भाषेत समजावून सांगतात. त्यामुळे खोदून प्रश्न विचारता येतात.

'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' (१८४१, न्यू बेडफर्ड) हे व्हेलच्या शिकारीचे जहाज इथले मुख्य आकर्षण. १९२१ पर्यंत त्याने ३७ सफरी केल्या आणि १९४१ मध्ये ते इथे आले. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ३८वी सफर झाली, अर्थात शिकारीविना. डेकवर विटांची भट्टी आणि तीत बसवलेल्या लोखंडी कढया आहेत. व्हेलची चरबी यांत कढवून तेल काढत. लाकडी जहाजावर एवढी आग पेटवायची म्हणून भट्टीखाली पाण्याचे कुंड ठेवत. चरबी कढून उरलेला चोथाच पुढे सरपण म्हणून वापरत. खालच्या मजल्यावर उंची फार कमी असल्याने वाकून चालावे लागते. जिने उभे आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी वरचा डेक पाहून समाधान मानावे.

तेलाची पिंपे बनवणाऱ्याचे दुकान अनेकजण घाईत ओलांडून जातात, ते चुकवू नये. पिंपाच्या फळ्या पांढऱ्या ओकच्या असतात. तांबड्या ओकच्या लाकडातली सूक्ष्म छिद्रे मोकळी राहतात आणि तेल झिरपते. फळी मध्यभागी रुंद, टोकांना निमुळती तासतात, कडांना तिरका कोन देतात. मग फळ्या गोल कड्यात उभ्या करून आत जाळ करतात आणि लाकूड तापून नरमले की दुसरे टोक आवळतात. शेवटी आतून खाच पाडून झाकण बसवतात. कोन जरासा चुकला तरी सांधा मिटत नाही, कडी कितीही ठोका. रिकामे पिंप सुकले की फळ्या आकसून तेही गळते. जहाजावर जागा वाचवण्यासाठी फळ्यांच्या मोळ्या बांधून नेत आणि लागेल तसे पिंप उभे करत.

दोरखान्याची इमारत प्लिमथ कॉर्डेज कंपनीची. मूळची हजार फुटांहून लांब. इथे सुमारे २५० फूट जपली आहे. पेडांचा पीळ सुताच्या उलट आणि दोराचा पेडांच्या उलट असतो, म्हणून दोर आपोआप उलगडत नाही. वळताना मात्र लांबी जवळजवळ एक तृतीयांश घटते. इमारत एवढी लांबलचक का, ते त्यावरून कळते.

खरी मेजवानी मात्र दुरुस्ती कारखान्यात आहे, कारण तिथे प्रात्यक्षिक नव्हे, काम चालते. १६२० मध्ये इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या जहाजाची प्रतिकृती असलेल्या 'मेफ्लॉवर २' ची दुरुस्ती इथेच झाली. मॉर्गनसाठी लागलेल्या लाइव्ह ओकचा (सदाहरित ओकच्या कठीण लाकडाचा) काही भाग २००८ च्या वादळात मेलेल्या, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरातल्या झाडांचा होता. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटीत आधी कापूस, मग डांबरात मुरलेले हेम्पचे धागे पटाशीने आणि लाकडी मोगरीने ठासतात, वरून डांबरी लेप देतात. कमी ठासले तर गळते, जास्त ठासले तर फळी सांगाड्यापासून सुटू लागते. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगणार, हेही धरून चालावे लागते.

प्रात्यक्षिकांच्या वेळा ठरलेल्या असतात. आत शिरताच त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे आणि जहाजे मधल्या वेळेत करावीत. उलट केल्यास लोहार-पिंपवाल्यांची बंद दारेच दिसतात. हिवाळ्यात दिवस आणि दालने दोन्ही कमी होतात. १९०८ ची, मुळात कोळशावर चालणारी बोट 'सबिनो' फक्त हंगामात पाहुण्यांना फिरवते. मिस्टिक स्थानक न्यूयॉर्क-बॉस्टन रेल्वेमार्गावर आहे. गावातला उचलपूल हंगामात दिवसा दर तासाच्या चाळिसाव्या मिनिटाला उघडतो, त्या सुमारास गाडीने येऊ नये.